नऊ सेकंद मागे

"तुम्ही माझ्या बिस्किटांवर कॉम्प्युटर ठेवलाय."

ती दचकली. हात भरून आले होते म्हणून समोर दिसलेल्या पहिल्या टेबलावर तिने ओझं टेकवलं होतं. आणि खरंच, शालीत गुंडाळलेल्या त्या काळ्या डब्याखालून बिस्किटांच्या पुड्याचं एक टोक केविलवाणं बाहेर डोकावत होतं. रस्त्यावर पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुकं म्हणावं तर धुकं नाही, असं काहीतरी सकाळपासून पडत होतं. तिच्या केसांवर, पापण्यांवर त्याचे बारीक बारीक थेंब अडकले होते.

"भिजला असता हो," ती ओशाळून म्हणाली.

"कोण, बिस्किटं?"

"कॉम्प्युटर!"

"मग तो वाचला म्हणायचा." त्याने पुडा हळूच ओढून काढला. आतून भुगा सांडला. "ही मात्र गेली."

तिला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचंच तिला नवल वाटलं. कारण पाच मिनिटांपूर्वी समोरच्या चकाचक शोरूमच्या पायऱ्या उतरताना तिला रडू येत होतं.

तो टेबलामागे उभा होता. कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला, बाह्या दुमडलेल्या, तर्जनीला राखाडी मलम फासलेलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीभर पंखे, वायरी, उघडे पडलेले कॉम्प्युटर. दाराशी त्याची वहिनी बसली होती आणि एका फोनच्या पोटात डाग देत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भावोजी, गिऱ्हाइकाशी भांडू नका. दुसरा पुडा आहे माझ्याकडे."

"मी गिऱ्हाईक नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. "पावसापुरती थांबलेय."

"शोरूममधून आलात ना? तिथून येणारे दोनच तऱ्हेचे असतात. काही हातात खोकं घेऊन येतात, काही असं तोंड करून." त्याने तिच्यासारखं तोंड करून दाखवलं. "काय झालं?"

अनोळखी माणसाला कुणी सगळं सांगत नाही. पण कधी कधी अनोळखी माणसालाच सगळं सांगता येतं... तिने सांगितलं.

ती शहरातल्या छोट्या तारांगणात कामाला होती. घुमटाखाली लोक आडव्या खुर्च्यांत टेकून बसतात, अंधार होतो आणि छतभर आकाश उगवतं, तिथे. सहा वर्षं तिने तिकिटं फाडली, शाळेच्या मुलांना ग्रह मोजायला शिकवलं आणि उरलेल्या वेळात गुपचूप एक सिनेमा रचला. अकरा मिनिटांचा. त्यातलं आकाश तिने स्वतः एकेक तारा लावून उभं केलं होतं. संचालकांना ते आवडलं. ते म्हणाले होते, येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून यंत्र रात्रंदिवस चालवा, त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला उद्घाटन. नाही जमलं, तर बाहेरच्या एका मोठ्या स्टुडिओचा तयार सिनेमा घेऊ. तो आला की तिचं आकाश कायमचं पेटीत जाणार होतं, आणि ती परत तिकिटाच्या खिडकीत.

"आता सिनेमा म्हणजे काय, एकामागोमाग एक पळणारी चित्रं," ती म्हणाली. "माझी एकोणीस हजार आठशे फ्रेम आहेत. हा डबा एका फ्रेमला दोन मिनिटं चाळीस सेकंद घेतो. रात्रंदिवस चालवला तरी सदतीस दिवस. माझ्याकडे आहेत एकतीस. नवं यंत्र यंदा मिळणार नाही, साहेबांनी सांगूनच टाकलंय. तरी म्हटलं, शोरूममध्ये निदान एक फ्रेम चालवून बघावी. महागातल्या प्रोसेसरवर."

"किती आली?"

"दोन मिनिटं पाच सेकंद." तिने उसासा टाकला. "मला दोन पंधरा जरी मिळाली असती ना..."

त्याने शाल बाजूला केली, डब्याचं झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं. एखाद्या घरात मुलगी बघायला आलेला पाहुणा बघतो तसं, नम्रपणे आणि बारकाईने.

"स्वस्तातला आहे," तो म्हणाला. "पण गुणी आहे बिचारा. कसं असतं, कारखान्यातून निघताना या सगळ्यांना एक वेग ठरवून देतात. सगळ्यात अशक्त भावंडाला झेपेल एवढाच. मग जो दणकट निघतो त्यालाही तेच, एवढंच पळ, पुढे जाऊ नकोस. कुणी ती वेसण सैल केली तर हा पळेल की! त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

तिच्या घरातही तिला लहानपणापासून हेच ऐकवलं होतं. जपून जा. हळू बोल. झेपेल तेवढंच कर. तिला त्या प्रोसेसरबद्दल एकदम माया वाटली.

"आणि जळला तर?"

"घाई केली तर जळेल. हळूहळू चढवत नेला, थंड ठेवला, दर पायरीला तपासला, तर नाही जळणार."

"म्हणजे हा त्या महागड्याची बरोबरी करेल? दोन मिनिटं पाच?"

इथे शहाण्या माणसाने डोकं खाजवलं असतं, 'बघू' म्हटलं असतं. पण समोर कुणी पापण्यांवर थेंब घेऊन इतक्या आशेने बघत असेल, तर भल्याभल्यांची जीभ घसरते.

"दोन मिनिटं पाच," तो छातीठोकपणे म्हणाला.

वहिनीने पहिल्यांदाच मान वर केली. आधी दिराकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

*

पहिल्या तारखेला पाच दिवस होते. रोज सकाळी आठला तो तारांगणात येई, आणि दहाला पहिला खेळ सुरू होईपर्यंत दोघं तिच्या खोलीत बसत. घुमटाखालची अर्धवट जमिनीत गेलेली खोली होती ती. वर एकच खिडकी, तीही चालणाऱ्यांच्या पावलांच्या उंचीवर. ती उघडी टाकायचा त्याचा हुकूम होता, कारण हवा जितकी गार तितका प्रोसेसर निवांत. गारठ्यात ती शाल लपेटून बसे आणि तो उगाचच हातावर हात चोळत आपल्याला थंडी वाजत नाही असं दाखवी.

काम सोपं होतं आणि कंटाळवाणं. वेग एक पायरी चढवायचा, थोडी वीज वाढवायची, तिची एक फ्रेम चालवायची, आणि ती पूर्ण होईपर्यंत तापमानाच्या आकड्याकडे बघत थांबायचं. नुसतं थांबायचं.

"दोन मिनिटं चाळीस," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "एवढा वेळ गप्प बसणं मला जमत नाही. तुम्ही काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"काहीही. अडीच मिनिटांत मावेल असं."

मग तिने त्याला सांगितलं की लहानपणी ती तारे मोजायची ते झोप यावी म्हणून नाही, झोप येऊ नये म्हणून. त्याने सांगितलं की त्याने पहिला रेडिओ उघडला तो दुरुस्त करायला नव्हे, आतला माणूस बघायला. तिने विचारलं, सापडला का? तो म्हणाला, अजून शोधतोय, म्हणून तर दुकान चालू आहे. टुण्ण करून घंटी वाजली. फ्रेम झाली होती. गोष्ट तिथेच थांबली.

असा तो खेळ सुरू झाला. एका फ्रेमला एक गोष्ट. घंटी वाजली की संपली, मग कितीही रंगात आलेली असो.

दुसऱ्या दिवशी वेग वाढला आणि फ्रेम दोन मिनिटं चोवीस सेकंदांत उतरली. ती आनंदाने खुर्चीतून उठली... आणि बसली. तिच्या मावशीच्या लग्नात घोडी कशी उधळली ते ती सांगत होती, घोडी अजून मांडवात शिरायची होती.

"एक लक्षात आलं का तुमच्या?" तो आकड्यांकडे बघत म्हणाला.

"काय?"

"मी जितकं चांगलं काम करतोय, तितकं आपलं बोलणं कमी होतंय."

तिने शालीचं टोक उगीचच बोटाभोवती गुंडाळलं. खिडकीबाहेरून कुणाची तरी ओली पावलं गेली. "मग... काम वाईट करा," ती हळूच म्हणाली. आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळून तिचे कान लाल झाले.

तिसऱ्या दिवशी वहिनी आली. नवा मोठा पंखा द्यायचं निमित्त होतं, पण पंखा देऊन झाल्यावरही ती खोलीच्या कोपऱ्यात ऐसपैस बसून राहिली.

"भावोजींना चहा विचारलास की नाही गं?" तिने मुलीला विचारलं. "आमच्या गल्लीत सगळे त्याला भावोजीच म्हणतात. मी हाक मारते, ती लोकांनी उचलली. पोस्टमनसुद्धा भावोजी म्हणतो. तूही म्हण."

"छे! मी नाही भावोजी म्हणणार."

"का बुवा?" त्याने विचारलं.

"मला नाही तुमची वहिनी व्हायचं."

नवा पंखाच तेवढा भुरभुरत राहिला. आपण काय बोललो हे तिला जरा उशिराने समजलं. तोवर वहिनीचे डोळे चमकायला लागले होते.

"बरोबर आहे," वहिनी अगदी गंभीरपणे म्हणाली. "मग काय म्हणणार?"

"काही नाही. नुसतं... अहो."

वहिनीला जो ठसका लागला तो काही केल्या थांबेना. त्याने धडपडत तिला पाणी दिलं, अर्धं पाणी वहिनीच्या पदरावर सांडलं, आणि त्या गडबडीत घंटी वाजली तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन मिनिटं सतरा.

चौथ्या दिवशी दोन मिनिटं चौदा झाली. तिला हवं होतं त्याहून एक सेकंद कमीच. त्या दिवशी त्याने मशीन दिवसभर कसून राबवलं. आठ तासांची चाचणी होती ती, प्रोसेसरला घाम फोडणारी. तो एकदाही अडखळला नाही.

"पुरे की आता," ती म्हणाली. "हे पुरतंय मला."

"पण मी दोन पाच म्हणालो होतो."

"अहो, म्हणून काय झालं?"

"म्हणालो होतो ना." तो हट्टी मुलासारखा खाली बघत होता. "उद्याचा दिवस आहे अजून. ओढतो थोडा."

खरं सांगायचं तर तिलाही तो हट्ट आवडला. आपल्यासाठी कुणी शब्द दिला होता आणि तो पाळायला धडपडत होता, हे तिच्या आयुष्यात रोज घडत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला घंटी वाजली तेव्हा तिने टाळ्याच पिटल्या. दोन मिनिटं पाच सेकंद! परत चालवली. दोन पाच. तिसऱ्यांदा, दोन पाच. समोरच्या शोरूमने आता नाक मुठीत धरून यावं, असं ती म्हणाली, आणि तो इतका लाजला की त्याचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"चाचणी झाली ना? आठ तासांची?" तिने विचारलं. तिच्यासमोर तर जेमतेम तासभरच झाला होता. तरी तिला वाटलं, पहाटेच येऊन केली असेल, किल्ली होतीच त्याच्याकडे.

त्याने चष्मा परत कपाळावर चढवला. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा त्या वेळी कसा दिसत होता हे तिला काय माहीत.

"झाली," तो म्हणाला.

*

पहिल्या तारखेला फ्रेम सुटायला लागल्या. आता त्याचं तिथे काहीच काम नव्हतं. तो रोज येत होता, ती गोष्ट वेगळी. एकदा पंख्याचा आवाज ऐकायला आला, एकदा धूळ बसली का बघायला. एकदा तर "या बाजूला आलो होतो" म्हणाला, आणि ती बाजू त्याच्या घराच्या बरोबर उलटी होती. तो आला की खिडकी उघडायची आणि चहाचे दोन कप काढायचे, एवढंच ती करत होती. आता गोष्टींना घंटी नव्हती. मावशीच्या लग्नातली घोडी अखेर मांडवात शिरली, सासऱ्यांचा फेटा खाऊन बाहेरही पडली.

दहाव्या दिवशी सोमवार होता, तारांगणाला सुट्टी. "चला, दाखवते," ती म्हणाली. नऊ दिवसांत झालेल्या सहा हजार फ्रेम तिने घुमटावर लावल्या. रिकाम्या सभागृहात दोघं शेजारशेजारच्या आडव्या खुर्च्यांत टेकले. भर सकाळी अंधार झाला आणि छतभर तिचं आकाश उगवलं.

त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तिला वाटलं, एवढ्यासाठी सहा वर्षं काढली असतील तर वाया नाही गेली. त्याची बाही तिच्या बाहीला लागली होती, आणि दोघांपैकी कुणीही हात मागे घेतला नाही...

"हा कोण?" ती एकदम म्हणाली.

दक्षिणेकडे, जिथे काहीच नसायला हवं, तिथे एक ठिपका चमकला आणि गेला. मग पूर्वेला एक. मग डोक्यावर दोन. चुकार ठिपक्यांना तिच्या धंद्यात काजवे म्हणतात. ते बघून तिच्याच डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला सगळं आकाश तोंडपाठ होतं, तिच्या आकाशात हे तारे नव्हते.

"माझंच चुकलंय," ती उठून बसली. "ताऱ्यांच्या याद्यांत कुठेतरी चूक केलीय मी. मुलं येतील, त्यांना खोटे तारे दाखवू? आता सगळं परत तपासायचं... देवा, वेळ कुठेय?"

ती त्याच्याकडे वळली. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो काहीतरी बोलेल म्हणून तिने वाट पाहिली. तो उठला, "येतो मी" एवढंच म्हणाला आणि गेला. दार उघडलं तेव्हा उजेडाची एक पट्टी आत आली आणि बंद झाली.

तो पूर्ण दिवस तिने याद्या चाळण्यात घालवला. मशीन बंद ठेवलं होतं. एकही चूक सापडेना. तिला रडू कोसळलं ते काजव्यांमुळे की त्या बंद झालेल्या दारामुळे, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तो तारांगणाच्या पायरीवर बसला होता. भुरभुर पडत होती, त्याच्याजवळ छत्री नव्हती, आणि बराच वेळ बसला असावा.

"तारे तुमचे चुकले नाहीत," तो उभा राहत म्हणाला. "माझे आकडे खोटे आहेत. वेग जास्त झाला की कधी कधी प्रोसेसर बंद पडत नाही, नुसता मधेच एखादं गणित चुकतो. कुणाला न सांगता. तेच हे ठिपके. आठ तासांची चाचणी मी केलीच नव्हती. एक तासावर थांबवली. आणि तुम्हाला झाली म्हणून सांगितलं."

"का?"

"दोन पाच म्हणालो होतो म्हणून."

"मी दोन पंधरा मागितली होती!" ती ओरडली. रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला. "दोन पंधरा! तुम्ही दोन चौदा दिली होतीत, तेव्हाच मी खूश होते! दोन पाच कुणी मागितली होती तुमच्याकडे?"

"कुणीच नाही."

"आणि काल? काल अंधारात मी स्वतःला दोष देत होते, तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?"

त्याने मान हलवली. "कळलं होतं. बोलायचा धीर झाला नाही. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या. तुम्हीही द्या."

शिव्या तिला येत नव्हत्या. आल्या असत्या तर तिने सगळ्या दिल्या असत्या. ती त्याच्या शेजारून वर चढली, दार उघडलं आणि न वळता म्हणाली, "वेग खाली आणा. आधी ते."

त्याने वेग दोन चौदावर आणला. मग दोघं घुमटाखाली बसले आणि झालेल्या सहा हजार फ्रेम एकेक करून बघायला लागले. ती काजवा दाखवी, तो आकडा लिहून घेई. "चारशे बारा." "लिहिलं." "नऊशे सात." "लिहिलं." याखेरीज शब्द नाही. दोनशे अकरा फ्रेम खराब निघाल्या. त्या परत करायच्या आणि उरलेल्याही नव्या वेगाने करायच्या, असा हिशेब त्याने मांडला, आणि मांडून झाल्यावर कागद तिच्याकडे सरकवताना त्याचा चेहरा उतरला.

"दहा तास कमी पडतायत," तो म्हणाला. "खोली कितीही गार केली तरी. याहून वर मी नेणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. माणूस खोटं बोलला होता, पण आता जे नाही ते नाही म्हणत होता, आणि तिच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणत होता. तिचा राग गेला नाही. पण जरा सरकून बसला.

"तीनशे फ्रेम गाळायच्या," ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे दहा सेकंद. कुठले गाळू? सगळे माझेच..." आणि मग ती ताठ बसली. "सूर्य मावळतो आणि पहिला तारा दिसतो, त्याच्या मधली संध्याकाळ. ती काढून टाकते. तिथे काहीच नको. नुसता काळोख, दहा सेकंद."

"काळोखाला वेळ लागत नाही," तो हळूच म्हणाला. "त्याचं गणितच नसतं."

"आणि डोळे अंधाराला सरावले तरच तारे नीट दिसतात. मुलांना मी सहा वर्षं हेच सांगत आलेय. स्वतःच्या सिनेमात मात्र विसरले होते."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तिने हसू परत दिलं नाही. कप मात्र दोन काढले.

*

शेवटची फ्रेम उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सात वाजता झाली. अकराला सभागृह भरलं. पुढच्या रांगांत शाळेची मुलं, मागे पाहुणे. तिची आई भिंतीला धरून धरून आली आणि "खुर्च्या आडव्या आहेत, जपून बसा" असं सगळ्यांना सांगत सुटली. मागच्या रांगेत बसलेल्या वहिनीने मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली होती आणि कुणी बसायला आलं की "इथे माणूस आहे" म्हणत होती.

संचालक बोलायला उभे राहिले. त्यांना बोलायला आवडे. बोलता बोलता ते रंगात आले आणि म्हणाले, "आणि मंडळी, आमच्या एका साध्या, स्वस्तातल्या यंत्राने महागड्या यंत्रांची बरोबरी करून दाखवली! हे ज्यांनी केलं ते इथेच आहेत. या, दोन शब्द बोला!"

टाळ्या पडल्या. तो दाराशी उभा होता. तिथूनच सटकायचा त्याचा बेत होता बहुतेक. गेले तीन आठवडे त्याच्याशी ती मोजकंच बोलली होती. हा आता काय बोलणार, यावर आपलं किती अडलंय हे तिला त्या क्षणी कळलं. त्याने हो म्हणून हात जोडले असते तरी कुणाला काही कळणार नव्हतं. साहेब खूश, पाहुणे खूश, त्याच्या दुकानापुढे उद्या रांग लागली असती.

"बरोबरी नाही झाली, साहेब," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"नऊ सेकंद मागे आहे तो. मी एकदा हट्टाने ओढून बरोबरी करून दाखवली होती. तेव्हा आकाशात खोटे तारे आले, आणि मी ते लपवलं. ते यांनी पकडले." त्याने तिच्याकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "आता जे दिसेल ते सगळं खरं आहे. ते यांचं आहे. मी फक्त पंखा बसवला."

संचालक खाकरले. कुणीतरी हसलं. तिच्या आईने "कोण गं हा?" असं विचारलं, पण तिचं लक्ष दाराकडेच होतं. तो खाली मान घालून निघालाच होता, तेवढ्यात वहिनीने त्याची बाही धरली, पर्स उचलली आणि त्याला त्या खुर्चीत जवळजवळ ढकललं.

दिवे मंदावले. घुमटावर सूर्य मावळला. आणि काळोख झाला.

दहा सेकंद. लोकांना वाटतं, एवढ्यात काय होतं? पण तिने महिनाभर एकेका सेकंदासाठी जीव काढला होता. दहा सेकंदांत काय काय मावतं हे तिच्याइतकं त्या सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिले दोन तिने त्याचा हात शोधण्यात घालवले. तो खुर्चीच्या दांडीवरच होता, गार पडलेला.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. कुजबुजली, पण स्पष्ट. "नऊ सेकंद मागे असलात तरी."

त्याची बोटं तिच्या बोटांत अडकली. चार. पाच. मुलं चुळबुळ करायला लागली. सहा. त्याने श्वास घेतला, सोडला, परत घेतला... सात.

"अहो?" ती घाबरून म्हणाली.

"भावोजी," मागच्या रांगेतून वहिनीचा आवाज आला, तोही असा की चार रांगांना ऐकू जावा, "बोला चटकन, उजाडेल आता!"

"मलाही!" तो जवळजवळ ओरडलाच. "मला पहिल्या दिवसापासून... बिस्किटांपासून..."

सगळं सभागृह हसलं, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा हात त्याच्या हातात घट्ट होता, आणि त्याला आता चांगली ऊब आली होती. डोक्यावर पहिला तारा उगवला. तो बरोबर जागी उगवला की नाही हे बघायचंसुद्धा तिला सुचलं नाही.